भाऊ गाडी फार जोरात मारतो, ट्रॅकवरच्या ट्रेनिंगने फरक पडतो का?

मनमोकळी
धाकटा भाऊ, वय २३, लायसन्स मिळून ३ वर्षं झालीत आणि गाडी जाम पळवतो. काही बोललं की एकच उत्तर, "ताई, माझा कंट्रोल आहे". गेल्या आठवड्यात भर पावसात मी त्याच्या शेजारी बसले होते, काटा शंभरच्या वर, पुढचा ट्रक अचानक आमच्या लेनमध्ये आला, याने ब्रेक मारला आणि गाडी थांबेचना! मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक जीव खाऊन दाबतेय. वाचलो कसेबसे, ट्रकच्या मागची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळ जाऊन थांबलो. आणि खाली उतरल्यावर साहेब म्हणतात काय तर ब्रेक खराब झालेत, पेडल पायाखाली थडथडत होतं. मेकॅनिकला दाखवलं, तो म्हणतो ब्रेक एकदम ओके.
तर प्रश्न असा की ते एक दिवसाचं सेफ ड्रायव्हिंग ट्रेनिंग असतं ना, मोकळ्या ट्रॅकवर स्वतः गाडी चालवून, त्याला तिकडे पाठवू का? की नुसता खर्च?

चाकावरचा
ताई, मेकॅनिक बरोबर बोलला. ते थडथडणं म्हणजे एबीएस, जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम. चाक लॉक व्हायला लागलं की ते सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सोडतं-धरतं, त्याचे धक्के पेडलवर जाणवतात. गोची अशी की ज्याला हे माहीत नसतं तो घाबरून नेमका तेव्हाच पाय ढिला करतो, म्हणजे जिथे पूर्ण ताकद लावायची तिथेच सोडून देतो. भावाला विचारा, पाय उचलला होता का.
मी केलंय असं ट्रेनिंग, १२ वर्षं गाडी चालवल्यावर, तेही ऑफिसने ढकललं म्हणून. पहिला अर्धा तास फक्त सीट! मला वाटलं हे काय चाललंय. पण ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा, नाहीतर पायात जोरच येत नाही, आणि मी इतकी वर्षं आरामखुर्चीत बसल्यासारखा मागे रेलून चालवत होतो. मग जोरात ब्रेक मारायला लावला. माझ्या मते मी जीव तोडून मारला. ट्रेनर म्हणाला, "हा सिग्नलचा ब्रेक झाला, आता खरा मारा". चौथ्या वेळी जमलं. तोवर आयुष्यात एकदाही मी पूर्ण ब्रेक दाबलेला नव्हता हे तिथे कळलं.

हिशोबी
आकडे देतो, भावाला दाखवा. सुका रस्ता, चांगले टायर, डोक्यात ट्यूब पेटायला १ सेकंद धरा. ताशी ८० किमीने जात असाल तर गाडी साधारण ५७-५८ मीटरमध्ये थांबते. आता शेजारच्या लेनमध्ये दुसरी गाडी १०० ने चाललीय, दोघांनी अडथळा एकाच क्षणी बघितला. ८० वाली जिथे थांबली तिथे १०० वाल्याचा वेग अजून किती असेल? लोक म्हणतात २०. उत्तर आहे जवळपास ६८! कारण पहिल्या सेकंदात तो ब्रेकला हात, सॉरी पाय, न लावताच २८ मीटर गेलेला असतो आणि वर ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. पावसात तर विचारूच नका. आणि एवढं करून २० किमीमागे वाचतात ३ मिनिटं.

उलटतपासणी
पाठवा, पण आधी तिथे काय शिकवतात ते बघा. नॉर्वेमध्ये नव्या ड्रायव्हरना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं ट्रेनिंग सक्तीचं केलं होतं, आणि नंतर बघितलं तर तरुण पोरांचे घसरून होणारे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले. पोरांना वाटायला लागलं आता आपल्याला येतं सगळं. तुमच्या भावाला "कंट्रोल" ऑलरेडी आहेच 😄 त्यात अजून भर नको. ड्रिफ्ट-बिफ्ट, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवणं, शिकवत असतील तर लांबूनच नमस्कार.

बॅकसीटवाला
सोपा उपाय, चावी लपवा. धागा वाचतोय.

चाकावरचा
@उलटतपासणी, १००% मान्य, म्हणूनच आमच्याकडचा एक प्रकार सांगतो. ५० च्या स्पीडला गाडी कुठे थांबेल ते प्रत्येकाने स्वतः चालत जाऊन कोन (रस्त्यावर ठेवतात तो प्लॅस्टिकचा शंकू) ठेवून दाखवायचं. दोन-चार जण जवळपास आले. मग ७०. वेग दीडपटसुद्धा नाही, म्हणून सगळ्यांनी कोन थोडासाच पुढे सरकवला, पण ब्रेकचं अंतर होतं जवळजवळ डबल. एकूण एक जणाने आपापला कोन उडवला. माझा तर गाडीखाली अडकून फरफटत आला, तो काढायला मलाच वाकायला लावलं. ट्रेनर काहीच बोलला नाही, फक्त म्हणाला "पुढचा". लेक्चर ऐकून मी कधी स्पीड कमी केला नव्हता, त्या कोननंतर पुढच्या गाडीपासूनचं माझं अंतर आपोआप वाढलं.
अजून एक, नजर. अडथळा चुकवताना सगळे अडथळ्याकडेच बघतात आणि गाडी तिकडेच जाते. मोकळ्या जागेकडे बघायची सवय वाचून लागत नाही, दहा वेळा करावं लागतं.

मनमोकळी
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, पेडल थडथडल्यावर पाय उचललास का रे? आधी म्हणाला छे. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "थोडासा". ते ६८ चं गणित दाखवलं तर म्हणतो चुकलंय, आणि कॅल्क्युलेटर घेऊन खोलीत गेला, अजून बाहेर येऊन काही बोललेला नाही. रविवारच्या बॅचला त्याचं नाव घातलंय. शेजारी माझंही घातलंय, कारण पूर्ण ब्रेक मी तरी कुठे कधी दाबलाय.