पलटण म्हणजे प्लाटून नव्हे : नायजेरियाच्या लष्कराची शब्दावली

प्राजक्त : नायजेरियाच्या लष्कराच्या इतिहासावर लेख लिहीत आहे. तीन शब्दांपाशी अडले. 'नायजेरिया रेजिमेंट'ला पलटण म्हणू का? मग प्लाटूनला काय म्हणायचं? आणि जानेवारी १९६६ मध्ये जे घडलं ते उठाव, बंड की सत्तापालट?

कवायत : प्लाटूनला पलटण अजिबात म्हणू नका. मराठीतली पलटण म्हणजे बटालियन, सातआठशे माणसांची. प्लाटूनमध्ये असतात तीसेक. तीन प्लाटूनची एक कंपनी, अशा काही कंपन्या मिळून बटालियन, तीन-चार बटालियनची ब्रिगेड आणि ब्रिगेडी मिळून डिव्हिजन. पलटण हा शब्द प्लाटूनवरून आला की बटालियनवरून, यावर दोन मतं आहेत, पण वापर मात्र बटालियनचाच आहे. 'कडुना शहरात एक पलटण पाठवली' असं लिहून मूळ मजकुरात प्लाटून असेल, तर वाचकाच्या मनात फौज पंचवीसपट फुगते. प्लाटून तसाच ठेवा.

रेजिमेंटचं दुखणं वेगळं. मराठा लाइट इन्फन्ट्री ही भारताच्या अनेक रेजिमेंटांपैकी एक. नायजेरिया रेजिमेंट तशी नव्हती. १ जानेवारी १९१४ रोजी उत्तर आणि दक्षिण नायजेरियाच्या रेजिमेंटी एकत्र करून ती झाली आणि त्या वसाहतीचं अख्खं पायदळ तिच्यातच होतं. वरची संघटना म्हणजे पश्चिम आफ्रिकी सरहद्द दल. त्याचीच घाना (तेव्हाचं गोल्ड कोस्ट), सिएरा लिओन आणि गॅम्बियामधली दलंही होती. आजच्या नायजेरियात बटालियनींना नुसते आकडे आहेत. योरुबा किंवा हौसा अशी तिथल्या समाजांच्या नावाची रेजिमेंट नाही. मराठा, शीख, डोगरा यांच्या सवयीने तशी नावं सुचतात, ती टाळा.

शब्दवेल्हाळ : 'कोअर'चीही हीच गत. भारतात कोअर म्हणजे दोन-तीन डिव्हिजन हाताखाली असणारं लढाऊ मुख्यालय. नायजेरियात डिव्हिजनच्या वर थेट सेना मुख्यालय, मधे कोअर नाही. तिथल्या 'इन्फन्ट्री कोअर'चा अर्थ पायदळ ही शाखा. तेव्हा 'पायदळ' एवढंच लिहा, तसंच तोफखाना, रणगाडा दल. झारिया शहरातल्या लष्करी 'डेपो'लाही जपा. मराठी वाचकाला डेपो म्हटलं की एसटीच्या गाड्या दिसतात. तिथे नवीन भरती झालेल्या शिपायांना घडवतात, म्हणून 'भरती प्रशिक्षण केंद्र'.

'जीओसी'चा (जनरल ऑफिसर कमांडिंग) अर्थ तर काळाप्रमाणे बदलला. १९६५ मध्ये मेजर जनरल जॉन्सन आग्यी-इरोन्सी जीओसी झाले, म्हणजे सबंध लष्कराचे प्रमुख, आणि त्या जागेवरचे पहिले नायजेरियन. आज जीओसी म्हणजे एका डिव्हिजनचा सेनापती. 'लष्करप्रमुख' की 'डिव्हिजन कमांडर', हे साल पाहून ठरवावं.

कवायत : डिव्हिजनचे आकडेही बोलके आहेत. १, २, ३, ६, ७, ८ नंतर एकदम ८१ आणि ८२ येतात, तेव्हा वाचकाला वाटेल की मधल्या सगळ्या कुठे गेल्या. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आफ्रिकी सैनिकांच्या ८१ आणि ८२ डिव्हिजन भारतात येऊन ब्रह्मदेशातल्या आराकानात जपान्यांशी लढल्या. ते आकडे लागोस आणि एनुगूच्या डिव्हिजनांनी पुढे चालवले. ८१ चं चिन्ह कोळी, म्हणजे घानातल्या अकान लोकांच्या कथांमधला चतुर अनान्सी. आराकानातल्या कलादान खोऱ्यात रस्ता नव्हता, रसद विमानातून पडायची आणि डोक्यावर ओझी घेऊन चालणाऱ्या बिनहत्यारी माणसांच्या तुकड्या ती वाहायच्या. त्यांना 'हमाल' म्हणू नका. ते भरती झालेले सैनिक होते, 'भारवाहक दल' म्हणा. लागोसच्या बराकींना आराकानचं नाव आहे आणि घानाच्या राजधानीचा, अक्राचा तळ तर 'बर्मा कॅम्प'च. ही नावं भाषांतरित करू नयेत.

प्राजक्त : आणि १९६६?

शब्दवेल्हाळ : मला एकच शब्द पुरेसा वाटत नाही. १५ जानेवारीला मेजर दर्जाच्या अधिकाऱ्यांनी पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवांसह अनेकांना ठार केलं. कडुनात मेजर न्झेओग्वू यशस्वी झाले, लागोसमध्ये डाव फसला आणि सत्ता मिळाली ती बंडखोरांना नाही, इरोन्सींना. म्हणून घटनेला 'बंड' आणि परिणामाला 'सत्तापालट'. 'उठाव' म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं, त्यात जनतेचा सहभाग गृहीत धरला जातो. तो शब्द इथे नको. जुलैमध्ये इरोन्सींना मारलं आणि लष्करातलेच याकुबू गोवन सत्तेवर आले, ते 'प्रतिबंड'.

नायजेरियाचा पूर्व भाग बियाफ्रा नावाने फुटून निघाला, त्यावरून झालेल्या बियाफ्रा युद्धात आणखी दोन सापळे आहेत. जुलै १९६७ मध्ये सरकारने आधी याला 'पोलीस कारवाई' म्हटलं. मराठवाड्यातल्या वाचकाला १९४८ ची हैदराबादची 'पोलीस ॲक्शन' लगेच आठवेल आणि ती आठवण इथे कामाची आहे, कारण दोन्हीकडे लढले ते लष्करच. अवतरण चिन्हं मात्र ठेवा, तो सरकारचा शब्द आहे. दुसरा सापळा 'थर्ड मरीन कमांडो'. नावावरून 'नौदल कमांडो' लिहाल, पण ती भूदलाचीच डिव्हिजन, बॉनी आणि कॅलाबार या बंदरांवर समुद्रातून उतरली म्हणून ते नाव. युद्धाआधी दहा हजारांच्या आसपास असलेलं लष्कर १९७० पर्यंत अडीच लाखांच्या घरात गेलं. म्हणून १९६६ ची आणि १९७० ची 'ब्रिगेड' एकाच मापाची धरू नये.

कवायत : 'एनडीए'ही पहिल्यांदा येईल तिथे उलगडून लिहा. कडुनाची नायजेरियन डिफेन्स ॲकॅडमी १९६४ ची, तिचे पहिले कमांडंट भारतीय सैन्यातले ब्रिगेडिअर एम. आर. वर्मा. पुण्याचा वाचक नुसतं 'एनडीए' वाचून थेट खडकवासल्याला पोचेल.

प्राजक्त : हौसा भाषेत सैनिकाला 'सोजा' म्हणतात. मराठीत ते कसं दाखवू?

शब्दवेल्हाळ : जुन्या मराठीत गोऱ्या सैनिकाला 'सोजीर' म्हणत. दोन्ही शब्द 'सोल्जर'वरूनच आले. पण आपला सोजीर गोरा, हौसाचा सोजा त्यांचाच माणूस. म्हणून मजकुरात 'शिपाई' किंवा 'सैनिक' लिहा आणि 'सोजा' हौसा शब्द म्हणून एकदाच दाखवा.