गाव ओस पडत आहे : ग्रामविकासाचा आराखडा कुठून सुरू करावा?

सड्यावरचा (प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात, खाडीपासून बरेच आत आहे. गणपतीत आणि शिमग्यात प्रत्येक घर उघडते. एरवी निम्म्याहून अधिक घरांना कुलूप असते आणि उरलेल्यांत बहुतांशी साठी ओलांडलेली माणसे राहतात. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत खाली आली, म्हणजे ही व्यथा आमच्या एकट्या गावाची नाही. वानर आणि रानडुकरांच्या उपद्रवामुळे अनेकांनी भातशेती सोडली, पावसाळ्यात धो धो वाहून जाणारे पाणी एप्रिलमध्ये विहिरीत सापडत नाही आणि शाळेचा पट दरवर्षी घटतो आहे.

मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने, म्हणजे मुंबई मंडळाने, आजवर मंदिराचा जीर्णोद्धार, सभामंडप आणि पाखाड्या (दगडी पायवाटा) यांवर मनापासून खर्च केला. आता काही तरुण सभासदांची इच्छा आहे की, गावात बारमाही राहता येईल असे काही उभे राहावे. ग्रामपंचायत अनुकूल आहे, महिला बचत गटही आहेत. या सर्वांना एकत्र आणून आराखडा करायचा असेल, तर पहिले काम कोणते धरावे? बहुतेकांचा ओढा पर्यटनाकडे आहे. तो रास्त आहे काय?

निवृत्त ग्रामसेवक

आराखड्यासाठी वेगळी चौकट शोधण्याची गरज नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने नियोजनाची जबाबदारी पंचायतींकडे सोपवली आहे आणि आपल्या राज्यात 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमातून ग्रामपंचायती आपला आराखडा स्वतः करतात. अडचण अशी की, पुष्कळ ठिकाणी तो कार्यालयात बसून भरला जातो आणि त्यात गटारे व पेव्हर ब्लॉक यांपलीकडे फारसे काही नसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील मोठा भाग पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण आणि स्वच्छता यांसाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामांसाठी राखून, ठेवलेला होता. त्यामुळे पाण्यापासून सुरुवात करणे गरजेचेही आहे आणि निधीच्या दृष्टीने सोयीचेही. दिवाळीच्या सुमारास वहाळावर (ओढ्यावर) वनराई बंधारे, म्हणजे माती-वाळू भरलेल्या पोत्यांचे तात्पुरते बांध, घातले, तर पुढचे काही महिने विहिरींना आधार मिळतो.

दुसरी सूचना मी आग्रहाने करीन. चाकरमान्यांचे मत गणपतीत अवश्य घ्यावे. परंतु कामांचा क्रम मात्र गावात राहणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी ठरवावा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, याचा अर्थ गावाचा रोजचा भार कोण वाहते हे उघड आहे. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती सभा खरोखर भरवावी आणि तिचे ठराव जसेच्या तसे ग्रामसभेपुढे ठेवावेत.

कातळवाट

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, तरी माझ्या मते कोकणातल्या गावाची खरी गाठ जमिनीत आहे. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचे नाव, त्याखाली बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत पांगलेले सहहिस्सेदार, आणि त्यांतल्या एकाची सही नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही की फळबागेचे अनुदान नाही. त्यातही कोणी आपली जमीन शेजाऱ्याला कसायला द्यायला तयार नसतो, कारण कसणाऱ्याचे नाव कूळ म्हणून लागेल आणि जमीन हातची जाईल ही धास्ती १९४८ च्या कूळकायद्यापासून घराघरांत मुरलेली आहे. मग जमीन पडीक राहते, गवत माजते, फाल्गुनात वणवा लागतो आणि ज्याने कष्टाने काजू लावला त्याचीही बाग जळते. हे पाहून जीव तुटतो.

म्हणून मुंबई मंडळाला माझी विनंती आहे की, पुढचा निधी वारस नोंदी, मोजणीची फी आणि एका चांगल्या वकिलाचे मानधन यांवर खर्च करावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ नुसार सहधारकांच्या संमतीने तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते, आणि सगळी भावकी एका ओटीवर बसते ती गणपतीतच. ज्यांना वाटप नको असेल त्यांनी बचत गटाशी ठरावीक मुदतीचा नोंदणीकृत करार करावा; झाडे कोणाची, उत्पन्नाचा वाटा किती, मुदत संपल्यावर काय, हे सर्व त्यात लिहिलेले असावे. एकाच वाडीतली सलग जमीन हाती आली की कुंपण आणि राखण सामाईक करता येते; एकट्यादुकट्या मळीला (शेताच्या तुकड्याला) तो खर्च पेलत नाही. काजूच्या वेंगुर्ला जातींची कलमे आणि त्यांबाबतचे मार्गदर्शन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. विद्यापीठाशी पत्रव्यवहार ग्रामपंचायतीच्या ठरावाने करावा.

नाचणी

पर्यटनाविषयी थोडेसे. मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण सर्वत्र दिले जाते. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले, गावकरी व वन विभाग सोबत आले, आणि पाहुणे, घरगुती मुक्काम, घरचे जेवण हे सर्व त्यानंतर उभे राहिले. संस्था वर्षानुवर्षे गावासोबत टिकली, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. तरीही पिल्ले समुद्रात जाण्याचा हंगाम वर्षातून थोडेच आठवडे असतो, त्यामुळे हे उत्पन्न पूरकच राहते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या महिला कांदळवनाची सफर घडवतात, तीही त्यांना ठाऊक असलेल्या खाडीच्या बळावर. आपल्या गावाला समुद्र नाही. तेव्हा खोल्या बांधण्यापूर्वी पाहुणा नेमके काय पाहायला येईल, याचे उत्तर आधी हवे. शिवाय ज्या गावात उन्हाळ्यात टँकर लागतो, तिथे पाहुण्यांना पाणी कुठून देणार?

सड्यावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पर्यटनाचा विषय तूर्त बाजूला ठेवून, येत्या गणपतीत एका वाडीचे सातबारे एकत्र काढावेत आणि त्याआधी महिला सभा बोलवावी, असा प्रस्ताव मी मंडळापुढे ठेवीन. कातळवाट यांना एक विनंती आहे : कुळाची शंका राहणार नाही अशा कराराचा मसुदा एखाद्या गावाने प्रत्यक्ष वापरला असल्यास तो, संबंधितांची नावे वगळून, कृपया येथे द्यावा.