मदत हवी आहे : आईच्या हाताला मुंग्या, कोणाला दाखवू?

कुंभारी_घरकुल: आईच्या हाताला मुंग्या येतात. गोळ्या चालू आहेत, फरक नाही. शेजारच्या काकू म्हणतात, वारं जाण्याची लक्षणं आहेत. मेंदूच्या डॉक्टरकडे नेऊ का हाडाच्या? लवकर सांगा, उद्या सुट्टी टाकलीय.

बाळीवेसकर: कोणता हात? कोणती बोटं? वय, शुगर? गोळ्या कसल्या?

होटगीरोड: बी-१२ कमी असणार. माझ्या तळपायाला मुंग्या यायच्या, इंजेक्शनं घेतली, थांबल्या. डोळे झाकून सुरू करा.

सिस्टर_ताई: डोळे झाकून काही नको, आधी रक्त तपासा. आणि दादा, वारं अचानक जातं. तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं. तसं झालं तर तडक दवाखाना गाठायचा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. आईचं कधीपासून आहे? काम काय करतात?

कुंभारी_घरकुल: विड्या वळते की. ३० वर्षं झाली. वय ५२, शुगर नाही. दोन्ही हात, उजवा जास्त. चार-पाच महिने झाले असतील. गोळ्या दुखण्याच्या आहेत.

सिस्टर_ताई: हे आधी सांगायचं ना! मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस जाते. सतत एकाच कामानं आत सूज आली की नस दबते. ती नस अंगठा, पुढची दोन बोटं आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाची. करंगळीची नस वेगळी, ती कोपरामागून येते. म्हणून विचारा, करंगळी बधिर होते का?

होटगीरोड: माझ्या मेव्हण्याचं मानेत निघालं. सरळ मानेचा एमआरआय करा.

सिस्टर_ताई: मानेतूनही येतं, नाही म्हणत नाही. पण मान दुखते असं ते म्हणालेत कुठं? पहिल्यांदा नसांची एनसीव्ही चाचणी, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघतात. थायरॉईडही बघा, त्यानंही असं होतं.

पूर्वभाग_७१: आईचं विडी कामगार कार्ड आहे का? त्यावर मुलांना शिष्यवृत्ती मिळते, चौकशी करा.

कुंभारी_घरकुल: माझं शिक्षण कधीच झालं हो. आईला आत्ता विचारलं. करंगळीला काही होत नाही. रात्री दोनला उठून हात झटकत बसते म्हणाली, पान कापताना कात्री सुटते. एका घरात राहून मला माहीत नव्हतं. एनसीव्ही सिव्हिलला होते का?

सिस्टर_ताई: सकाळी ओपीडीत विचारा. तोवर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा. अंगठ्याखालचा मांसल भाग सपाट झालाय का, तेही बघा. झाला असेल तर डॉक्टरांना आधी तेच दाखवा.