टोकियोला बदली: हनामीची सहल आणि जपानी सहकाऱ्याचं लग्न, काय तयारी करावी?

मुलुंडकरीण:
नवऱ्याची टोकियोला बदली झाली आहे, मार्चच्या मध्याला निघतोय. पोचल्या पोचल्या दोन कार्यक्रम आहेत. एक ऑफिसची हनामीची, म्हणजे चेरीचा बहर बघायची सहल, आणि दुसरं एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी टीममधल्या एका जपानी मुलाचं लग्न. पत्रिका आम्हा दोघांच्या नावाने आहे, सोबत उत्तराचं कार्ड. आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. आहेर किती द्यायचा? साडी चालेल का? 4 वर्षांच्या मुलीला नेलं तर? इथून काय न्यावं, काय नको? नीट माहिती असलेल्यांनीच सांगा, प्लीज.

शिवाजी पार्क:
ताई, आधी उत्तराचं कार्ड. ते 'बघू, कळवतो' म्हणून ठेवू नका, पत्रिका मिळाल्यापासून आठवड्याच्या आत पाठवा. तिथे प्रत्येकाची खुर्ची, ताट आणि भेटीची पिशवी नावानिशी ठरलेली असते. मुलीचं नाव पत्रिकेत नसेल तर परस्पर नेऊ नका. नवऱ्याने आधी विचारावं. आपल्याकडे हॉलवर दहा माणसं वाढली तरी पंगत सांभाळून घेते, तिथे एक खुर्ची वाढवायची तरी टेबलांची मांडणी बदलावी लागते.

आहेर म्हणजे गोशुगी, रोख. एकट्या सहकाऱ्याने जायचं तर 30,000 येन, नवरा-बायको मिळून 50,000. 10,000 च्या नोटांचे दोन सारखे भाग पडतील अशी रक्कम टाळतात. 4 आणि 9 हे आकडेही नकोत, त्यांचे उच्चार मृत्यू आणि यातना यांच्याशी जुळतात. आपल्यासारखं वर एक रुपयाचं नाणं लावायचं नसतं, फक्त नोटा.

नोटा कोऱ्या हव्यात, आणि अडतं ते इथेच. एटीएममधून घडी पडलेल्या नोटा येतात, फोर्टमधल्या फॉरेक्सवाल्याकडच्याही बहुधा वापरलेल्या. बँकेचे काउंटर साधारण दुपारी 3 ला बंद होतात, शनिवार-रविवारी उघडतच नाहीत. लग्न शनिवारी, म्हणजे गुरुवारपर्यंत काम उरका. खातं अजून उघडलेलं नसेल तर ऑफिसातल्या कोणाला तरी सांगा. लग्नाच्या हॉटेलचं रिसेप्शनही बऱ्याचदा बदलून देतं, पण ती शेवटची आशा.

गिरगाव चौपाटी:
वरच्यात पाकिटाची भर घालते. 100 येनच्या दुकानात किंवा स्टेशनरीत मिळतं, पण पाकीट रकमेच्या तोलाचं हवं. कुठलं किती रकमेसाठी ते बहुतेक वेष्टनावर छापलेलं असतं. 50,000 साठी वर खरे सजावटीचे दोरे बांधलेलं घ्या, नुसते छापलेले नकोत. गाठ नीट बघा: फुलपाखरासारखी सुटणारी गाठ बाळाच्या जन्माला, कारण तो प्रसंग पुन्हा यावा. लग्नाला न सुटणारी गाठ, लाल-पांढऱ्या किंवा सोनेरी-चंदेरी दोऱ्यांची. काळी-पांढरी दिसली तर हात लावू नका, ती अंत्यविधीची.

आतल्या पाकिटावर रक्कम जुन्या औपचारिक आकड्यांत लिहितात. जपानी सहकाऱ्याकडून लिहून घ्या. नोटेवरचा चेहरा पाकिटाच्या पुढच्या बाजूला, वरच्या टोकाकडे. बाहेरच्या पाकिटाची मागची खालची घडी वरच्या घडीवर यायला हवी. उलटी झाली तर शोकाचा अर्थ लागतो. नाव ठसठशीत काळ्या ब्रशपेनने, फिकट शाई नको. हे पाकीट फुकुसा नावाच्या कापडात गुंडाळून न्यायचं आणि स्वागताच्या टेबलाशी उघडून दोन्ही हातांनी द्यायचं. फुकुसा लाल किंवा जांभळा घ्या, जांभळा पुढे इतर प्रसंगांनाही चालतो.

साडी अगदी जरूर नेसा, पैठणी असेल तर उत्तमच. फक्त पांढरी, मोतिया, फिकट क्रीम नको, तो रंग नवरीचा. जरीकाठ असला तरी अंग पांढरं असलेली साडी फोटोत पांढरीच दिसते. नवऱ्याला गडद सूट आणि पांढरा किंवा रुपेरी टाय. काळा टाय दुखवट्याचा.

वाशी ते निशी-कासाई:
जेवणाचं बोलतो. नुसतं 'व्हेज' लिहून भागत नाही. कार्डावर जपानीत स्पष्ट लिहा: मांस, मासे, अंडं नको, आणि माशाचा दाशीही नको. दाशी म्हणजे सूप-सॉसचा पाया, तो बहुतेक सुकवलेल्या बोनितो माशाचा असतो. भाजीच्या ताटातही तोच शिरतो, आणि स्वयंपाक्याला ते मांसाहारी वाटतच नाही. कोम्बू या समुद्री शेवाळाचा दाशी करता येतो, तसा करा म्हणून सुचवा.

हनामीला डबा घरचाच न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, सुकी बटाट्याची भाजी. गार झालं तरी खाता येतं आणि रस सांडत नाही.

टोकियोत फुलायला लागण्याची सरासरी तारीख 24 मार्च, पूर्ण बहर 31 मार्च. हवामान खातं यासुकुनी मंदिरातल्या ठरलेल्या झाडावर 5-6 फुलं उमलली की सुरुवात जाहीर करतं. बहरानंतर जोराचा पाऊस-वारा आला की दोन दिवसांत सडा पडतो. त्यामुळे एकच तारीख धरून बसू नका, लागोपाठचे दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा. चुकलंच तर शिंजुकू ग्योएन या बागेत उशिरा फुलणारी दुहेरी पाकळ्यांची झाडं एप्रिलच्या मध्यापर्यंत मिळतात. तिथे मोठ्यांना 500 येन तिकीट आणि दारूला बंदी, म्हणून ऑफिसची मंडळी बहुधा उएनो किंवा योयोगी पार्क निवडतात.

चटईवर बूट काढून बसतात, म्हणजे पटकन निघणारे बूट आणि न फाटलेले मोजे. जमीन बर्फासारखी लागते, निळ्या प्लास्टिकखाली पुठ्ठा किंवा जाड फोम घाला. दुपारी ऊन असलं तरी सूर्य मावळला की पारा 10 अंशांच्या आसपास येतो; मुलीला जॅकेट हवंच. टॉयलेटच्या रांगा लांबलचक, तिला लवकर न्या. कचऱ्याच्या पिशव्या घरून न्या. आणि झाडाच्या मुळांवर चटई टाकू नका, फांदी ओढून फोटो तर मुळीच नको.

मुलुंडकरीण:
खूप आभार! सामानाचं राहिलं. सासूबाई ताजा कढीपत्ता आणि मिरच्या द्यायच्या म्हणतायत.

वाशी ते निशी-कासाई:
त्या राहू द्या, ताज्या भाजीपाल्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. ब्रँडचं सीलबंद मसाल्याचं पाकीट न्या. औषधं मात्र नीट तपासा: डॉक्टरने लिहून दिलेली एक महिन्यापुरती परवान्याशिवाय नेता येतात, त्याहून जास्त असतील तर निघायच्या आधी ऑनलाइन परवाना काढावा लागतो. स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या बंद आहेत, तेव्हा घरातल्या डब्यातल्या पट्ट्या मागची बाजू वाचूनच बॅगेत टाका. राहत्या पत्त्यावर गेल्यापासून 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंद करा. बँकेत खातं उघडायला तोच पत्ता लागतो, आणि कोऱ्या नोटाही मग त्याच बँकेतून मिळतात.