मुलगी पर्ड्यूला चालली आहे, सोरोरिटीत जायचं म्हणते. कुणाला अनुभव?

नेपरव्हिलकर

नमस्कार मंडळी. लेक ऑगस्टमध्ये इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात इंजिनियरिंगला चालली आहे. डोक्यात मेकॅनिकल आहे. परवा जेवताना तिने जाहीर केलं की तिकडे गेल्यावर सोरोरिटीसाठी रश करणार. (सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींची निवडून घेणारी संघटना, मुलांची ती फ्रॅटर्निटी; रश म्हणजे त्यांच्या निवडीच्या फेऱ्या.) तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत. हिचं म्हणणं, एवढी फी भरतोय ती शिकायला, पार्ट्यांना नाही. मी वरवर उदार आहे, पण आतून टरकलोय. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात होस्टेलवर राहून शिकलो. पहिल्या सहामाहीत सीनियर रात्री दोनला उठवून काय काय करून घ्यायचे, ते मी अजूनही आईला सांगितलेलं नाही. १९९९ मध्ये राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा आला, तोवर आमची बॅच पास होऊन पांगली होती. इथल्या हेझिंगच्या, म्हणजे अशा संघटनांमधल्या रॅगिंगच्या, बातम्या वाचल्या की तेच सगळं डोळ्यांपुढे येतं, वर दारू.

आम्हा दोघांपैकी कुणीच इथे अंडरग्रॅड केलेलं नाही. मी एमएसला आलो तेव्हा चार पोरं, एक अपार्टमेंट आणि एक कुकर, हीच आमची फ्रॅटर्निटी. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटतील. खर्च किती येतो? अभ्यासाचं काय होतं? देसी सोरोरिटी असतात म्हणे, त्या जास्त सुरक्षित का? 'जाऊ नकोस' हे उत्तर कृपया देऊ नका. ती अठराची आहे, ती जाणारच.

एडिसनचे_अण्णा

मी तेच उत्तर देणार. २०१७ च्या फेब्रुवारीत पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत काय झालं ते वाचा. १९ वर्षांचा पोरगा, बिड (सदस्यत्वाचं आमंत्रण) स्वीकारल्याची रात्र, भरमसाट दारू पाजली, तळघराच्या जिन्यावरून पडला आणि घरभर पोरं असताना ९११ ला फोन गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच्या नावाने पेनसिल्व्हेनियात कायदा झाला, पोरगा काही परत आला नाही. आपल्या मुलांना असल्या टोळक्यांची गरज काय? मंडळाच्या गणपतीला घेऊन या, तिथे मिळतील मैत्रिणी.

एकेकाळची_खजिनदार

अण्णा, मंडळाच्या गणपतीत मी पण वाढले. माझ्या वयाच्या मुली तिथे चार, त्यातल्या दोघी माझ्या चुलतबहिणी.

नेपरव्हिलकर, मी लहान असताना आम्ही नाशिकहून ओहायोला आलो. मिडवेस्टातल्याच एका मोठ्या सरकारी विद्यापीठात शिकले, एका जुन्या, बहुतेक गोऱ्या मुली असलेल्या सोरोरिटीत होते आणि तिचे पैसे सांभाळत होते. म्हणून माझं उत्तर हिशेबनिसाचं आहे. भगिनीप्रेम, ग्लिटर आणि नाच हवे असतील तर टिकटॉकवर ढीगभर पडलेत.

खर्चाचा एक आकडा सांगता येत नाही, चॅप्टरगणिक, म्हणजे कॅम्पसवरच्या शाखेगणिक, बदलतो. पण लेकीला दोन आकडे वेगवेगळे विचारायला सांगा: पहिल्या सहामाहीचा आणि त्यानंतरच्या सहामाहीचा. पहिली महाग पडते, कारण ड्यूजच्या (वर्गणीच्या) वर इनिशिएशनची, म्हणजे रीतसर सदस्य करून घेण्याच्या विधीची, फी, बॅज, राष्ट्रीय संस्थेचे पैसे सगळं एकदम येतं. स्वतःचं हाऊस असेल तर तिथे न राहणाऱ्या मुलींकडूनही घरासाठी पैसे घेतात. पुढच्या वर्षी हाऊसमध्ये राहायची सक्ती आहे का, हे तर आधीच विचारायचं. सक्ती असेल तर तो राहण्याजेवणाचा वेगळा करार असतो आणि मैत्रिणींबरोबर अपार्टमेंट घ्यायचं ठरलं असेल तर ते बोंबलतं. मीटिंग चुकवल्याचा दंडही असतो. आणि कागदावर कधीच न दिसणारा खर्च म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाचा नवा टीशर्ट, 'लिटल' (आपल्याकडे सोपवलेली नवी मुलगी) मिळाली की तिला द्यायच्या भेटींच्या टोपल्या, फॉर्मलचे, म्हणजे नटूनथटून जायच्या पार्टीचे, कपडे.

हे विचारायला मुली लाजतात, गरीब वाटू म्हणून. आमच्याकडे एका मुलीचे दुसऱ्या सहामाहीचे पैसे थकले. नियमाप्रमाणे तिला मीटिंगला, फॉर्मलला यायची बंदी झाली आणि तसं पत्र पाठवायचं काम माझं. घरी कुणालाच पत्ता नव्हता. करारावर सही तिची, वय अठराच्या वर, कायद्याने आईवडिलांना कळवायचं कारणच नाही. तेव्हा पैशाचं बोलणं ऑगस्टच्या आधी घरात, कागद-पेन घेऊन करा. तुम्ही किती देणार, ती किती कमावणार, स्पष्ट.

आता सही. हा भाग मुलींनाही नीट कळलेला नसतो. जुन्या २६ सोरोरिटींची शिखर संस्था आहे, नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स, १९०२ पासूनची. तिच्या रशमध्ये फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत घरोघरी (घर म्हणजे एकेक सोरोरिटी) फिरायचं, हसून हसून गाल दुखेपर्यंत गप्पा मारायच्या. मुलगे, दारू, पैसा, धर्म, राजकारण हे विषय वर्ज्य, मग उरतं काय ते तुम्हीच बघा. दर फेरीनंतर घरं मुली गाळतात आणि मुली घरं गाळतात. शेवटी प्रेफरन्सची फेरी, तिथे जास्तीत जास्त दोन घरं. त्यानंतर मुलगी पसंतीक्रम लिहून एका करारावर सही करते. लिहिलेल्या घराची बिड आली आणि ती नाकारली, तर पुढच्या वर्षीच्या मुख्य रशपर्यंत त्या कॅम्पसवर दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक सोरोरिटीत जाता येत नाही. आणि इनिशिएशन झालं की मग सोडली तरी जन्मभर दुसरीत नाही. म्हणून जिथे जायचंच नाही त्या घराचं नाव 'असू दे' म्हणून लिहायचं नाही. एकच नाव लिहायची मुभा असते, धोका पत्करून.

अभ्यासाचं: पर्ड्यूला पहिल्या वर्षी सगळे फर्स्ट इयर इंजिनियरिंगमध्येच असतात. मेकॅनिकल मिळणं पहिल्या वर्षाच्या गुणांवर ठरतं. मला विचाराल तर पहिल्या सहामाहीत तिने फक्त कॅल्क्युलस आणि झोप सांभाळावी. ज्या घरांत जागा उरतात ती मुख्य रश संपल्यावरही बिड देतात, गाजावाजा न करता. दुसऱ्या वर्षी गेलेल्या मुलीही आमच्यात होत्या आणि त्या जास्त डोळे उघडे ठेवून आलेल्या असायच्या.

आणि पर्ड्यूचंच म्हणाल तर तिला फाय सिग्मा रो माहीत आहे का विचारा. इंजिनियरिंगच्या मुलींची सोरोरिटी, १९८४ मध्ये तिथेच सुरू झाली. रश्मी खन्ना नावाच्या विद्यार्थिनीला इंजिनियरिंगच्या वेळापत्रकातून नेहमीच्या रशला जाणं जमेना, म्हणून तिने ॲबी मॅकडोनाल्डबरोबर स्वतःचीच काढली. आज देशभर चॅप्टर आहेत. ती पॅनहेलेनिकच्या २६ मध्ये नाही, त्यामुळे वरचा सहीचा नियम तिथे लागू नाही. हे मला अठराव्या वर्षी कुणी सांगायला हवं होतं.

ऑस्टिनचा_पोट्टा

देसीबद्दल मी सांगतो, मी एका देसी फ्रॅटमध्ये होतो. मुलींमधली पहिली दक्षिण आशियाई सोरोरिटी कप्पा फाय गामा, आमच्याच ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात १९९८ मध्ये निघाली. त्याच साली, त्याच कॅम्पसवर मुलांची डेल्टा एप्सिलॉन साय. बहुतेक देसी चॅप्टरना मोठं हाऊस वगैरे नसतं, त्यामुळे खर्च बराच कमी. माझे भाऊ म्हणजे गुजराती, तेलुगू, मलयाळी, एक पाकिस्तानी, आणि मराठी मी एकटा. घरी न्यायला सोपे. आईने पुरणपोळ्या केल्या तर 'हे काय' असं कुणी विचारत नाही, फक्त किती शिल्लक आहेत ते विचारतात. नागपूरचे काका-काकू आले तेव्हा विमानतळावर आणायला यातलाच एक गेला होता, मी परीक्षेत होतो. सुरक्षित म्हणाल तर माझ्या मते जास्तच, कारण सगळ्यांचे आईबाप सारखेच कडक.

एकेकाळची_खजिनदार

पोट्ट्या, पुरणपोळीपर्यंत पटलं. 'जास्त सुरक्षित' नाही पटलं.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजची पाय डेल्टा साय ही आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटी पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात भाड्याच्या घरी गेली. एका नव्या मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, पाठीवर वाळूने भरलेली पिशवी दिली आणि अंधारात आळीपाळीने धडक मारून पाडलं. तो बेशुद्ध पडल्यावर दवाखान्यात न्यायला उशीर केला. तो गेला. २०१८ मध्ये कोर्टाने त्या संस्थेला पेनसिल्व्हेनियात दहा वर्षं बंदी घातली. तिथेही सगळ्यांचे आईबाप कडकच असणार. त्या विधीला तर स्थलांतरितांच्या कष्टांचं प्रतीक वगैरे अर्थ चिकटवलेला होता. 'आपल्या' लोकांत पोरं लवकर विश्वास टाकतात, आणि गुप्ततेची शपथ घातली की घरी सांगत नाहीत. छोट्या चॅप्टरमध्ये तर वीस-पंचवीसच मुलं. तक्रार कुणी केली ते लगेच कळतं.

उलट जुन्या सोरोरिटींमध्ये वेगळा घोळ. घरात दारूला बंदी असते, आणि ती बऱ्यापैकी पाळतात. म्हणून पार्टी होते मुलांच्या फ्रॅटमध्ये. दारू त्यांची, दार त्यांचं, जिना त्यांचा. लेकीने रशमध्ये विचारायचा प्रश्न 'तुम्ही पार्टी करता का' हा नाही. 'परत कसं येता, त्या रात्री न पिणाऱ्या कोण असतात, आणि एखादी एकटी मागे राहिली तर काय करता' हा विचारायचा. ज्यांनी यावर विचार केलेला आहे त्या पटकन आणि सविस्तर सांगतात. ज्यांनी केलेला नाही त्या हसतात.

अण्णांच्या मुद्द्यासाठी: २०२४ च्या डिसेंबरमध्ये केंद्राचा हेझिंगविरोधी कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या विद्यापीठांनी आता हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल आपल्या संकेतस्थळावर जाहीर करायचा आहे. कुठली संघटना, काय केलं, काय शिक्षा. रशला जायच्या आधी बापलेकीने बसून तो वाचा. नाव नसणं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, एवढं लक्षात ठेवून.

एडिसनचे_अण्णा

अहवालाचं माहीत नव्हतं. भाचा रटगर्सला आहे, त्याच्या आईला पाठवतो. माझं मत तेच आहे.

नेपरव्हिलकर

सगळ्यांचे आभार. हा धागा लेकीला वाचून दाखवला, तिचं मराठी ऐकण्यापुरतं चांगलं आहे. सहीचा नियम तिला खरंच माहीत नव्हता. रश्मी खन्नांचं ऐकून लगेच फोन काढला. पहिली सहामाही थांबायला मात्र तयार नाही, 'तेव्हाच सगळ्या मैत्रिणी ठरतात' म्हणते. पैशाचं काल रात्री बोललो. मी ड्यूजचे अर्धे देणार, टीशर्ट वगैरे तिचं तिने. हिची अजून मान्यता नाही, पण हिने अहवालाची लिंक मागितली.

एक शेवटचं. नाही घेतलं कुणीच, तर? आमची मुलगी कधी कशातून बाहेर काढली गेलेली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागलीय.

एकेकाळची_खजिनदार

होऊ शकतं. आपल्या घरातून आधी कुणी गेलेलं नसतं, कुणी ओळखत नसतं, आणि चार मिनिटांच्या गप्पांत ठरतं. काही कॅम्पसवर रंगही बघितला गेलाय. अलाबामा विद्यापीठाच्या गोऱ्या सोरोरिटींनी कृष्णवर्णीय मुलींना खऱ्या अर्थाने दारं उघडली ती २०१३ मध्ये, तीही विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने लिहिल्यावर.

कुणीच घेतलं नाही म्हणून तिचा फोन आला तर 'बरं झालं, सुटलीस' एवढं काही म्हणू नका, काकूंनाही सांगून ठेवा. नेपरव्हिलहून वेस्ट लाफायेट गाडीने सव्वादोन तास आहे, शनिवारी जाऊन तिला जेवायला घाला. मग हळूच को-ऑप घरांचं बघायला सांगा. पर्ड्यूला मुलींची अशी बरीच घरं आहेत. स्वयंपाक-झाडलोट मुलीच वाटून घेतात, राहणं बरंच स्वस्त, आणि मैत्रिणी एकदम घरभर. त्यांची निवड वेगळी चालते, तारखा आधीच बघून ठेवा. आणि तिकडे घड्याळ तुमच्यापेक्षा एक तास पुढे असतं, तेव्हा तिचा रात्री बाराचा फोन तुम्हाला अकराला येईल. झोपू नका लवकर.