मदत हवी आहे: ईको सीएनजी व्हॅनला नेमकं कुठलं इंजिन ऑइल टाकू?

धायरीचा व्हॅनवाला

नमस्कार मंडळी,

गाडी ईको, सीएनजी, 2016 ची. मीटरवर 1,38,000. दिवाळीपर्यंत वडील चालवायचे; त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी चालवतो. शाळेच्या दोन पाळ्या, आणि सुट्टीत जेजुरी-मोरगावचं भाडं मिळालं की दिवे घाट. दिवसाला 60 किलोमीटरच्या वर धाव नाही, पण वडगाव पुलाखाली आणि शाळेच्या गेटवर इंजिन चालू ठेवून थांबणं फार.

सकाळी सहाला स्टार्टर मारला की दोन-तीन सेकंद वरच्या बाजूने खडखड येते, मग शांत. गेल्या आठवड्यात ऑइल बदललं तेव्हा मिस्त्रीने पिंपातलं सुटं 20डब्ल्यू-50 ओतलं. "लाखाच्या वर गेली की जाडच टाकायचं, आवाज दबतो," म्हणाला. दबला तर नाहीच, उलट लांबला. ऑइलचा लाल दिवाही पूर्वीपेक्षा उशिरा विझतो. फिल्टर त्याने तोच ठेवला, हे मला घरी आल्यावर कळलं.

गाडीचं पुस्तक पावसात भिजून गेलंय. वडिलांच्या फाइलमध्ये सुरुवातीच्या सर्व्हिसची बिलं आहेत, त्यांवर 5डब्ल्यू-30 लिहिलंय. दुकानदार म्हणतो सीएनजीचा वेगळा डबा घ्या. नवी ईको घेतलेला मित्र म्हणतो याहून पातळ घे. कुणाचं ऐकू?

आणखी एक. वडील ऑइल मोजायची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसायचे आणि ऑइल मधाच्या रंगाचं दिसलं की "चालेल अजून" म्हणायचे. असं करत बदल 14-15 हजार किलोमीटरवर जायचा. त्यांना दोष देत नाही, एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही पोराला शाळेत उशीर होऊ दिला नाही. पण ही सवय बरोबर होती का?

गाडीत रोज लोकांची मुलं बसतात. रस्त्यात इंजिन बसलं तर काय, या विचाराने झोप लागत नाही.

घाटमाथा

दादा, सुटं ऑइल आधी बंद करा. पिंपात काय आहे ते मिस्त्रीलाही सांगता येत नाही. सीलबंद डबा घ्या, आणि रिकामा झाला की भोक पाडूनच टाका, नाहीतर तोच डबा भरून पुन्हा विकायला येतो.

खान्देशी फिटर

भाऊ, भुसावळात आणि नंतर चाकणला मिळून 22 वर्षं गाड्या उघडतोय. जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे रंग. पेट्रोल-डिझेलची काजळी ऑइलात उतरते म्हणून ते काळं पडतं. गॅस जवळजवळ काजळीशिवाय जळतो, म्हणून सीएनजी गाडीचं ऑइल 10 हजारांनंतरही सोनेरी दिसू शकतं. पण आतली उष्णता आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्याला खात असतात. ऑइल हळूहळू घट्ट होतं, त्यातली रसायनं संपतात. फडक्यावर यातलं काही दिसत नाही. भल्याभल्यांना ही गोष्ट फसवते, वडिलांचं मनाला लावून घेऊ नका. शिवाय गेटवर उभं राहून इंजिन जे तास चालतं ते मीटरवर चढत नाहीत. तुमच्या धावेला मी 5,000 किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते, असं धरेन.

आता ग्रेड. डब्ल्यूच्या आधीचा आकडा गारठ्यातला, नंतरचा इंजिन तापल्यावरचा. 100 अंशांना 30 चं ऑइल 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक्सच्या (जाडपणाचं माप) आत असतं, 50 चं 16.3 च्या पुढे. म्हणजे तापल्यावरही तुमच्या इंजिनात ठरल्यापेक्षा बरंच जाड ऑइल फिरतंय. पुण्याच्या डिसेंबरात 20डब्ल्यूने गाडी अडणार नाही, पण खालच्या चेंबरमधून वर कॅमशाफ्टपर्यंत ऑइल चढायला वेळ लागतो. दिवा उशिरा विझतो तो त्यामुळेच असावा.

पण माझा खरा संशय फिल्टरवर आहे. त्यात एक रबरी झडप असते, ती रात्रभर ऑइल अडवून धरते. झडप कडक झाली की ऑइल खाली उतरतं आणि सकाळी पहिले दोन-तीन सेकंद इंजिन कोरडं वाजतं. फिल्टर दर वेळी बदला, आणि चांगलाच घ्या.

बिलावरच्या 5डब्ल्यू-30 वर परत या. सीएनजीचा वेगळा डबा हवाच असं नाही; पुढचं चित्र सोडा, मागे ग्रेड आणि एपीआय, म्हणजे ऑइलच्या दर्जाची खूण, वाचा. एसएन 2010 चं, एसपी 2020 चं, दोन्ही तुमच्या गाडीला चालतात. मोटरसायकलचं ऑइल नको. मित्राची ईको नोव्हेंबर 2022 नंतरची असेल तर तिचं इंजिनच वेगळं आहे, त्याचा सल्ला तुम्हाला लागू नाही.

जाड ऑइलाची वेळ कधी येते? गाडी ऑइल खायला लागली तर. ते मोजून ठरवा. सपाट जागी, इंजिन थंड असताना पट्टी वरच्या खुणेपर्यंत भरा आणि 1,000 किलोमीटरनंतर पुन्हा बघा. बहुतेक गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर मावतं. अर्ध्याच्या खाली गेलं किंवा मागून निळा धूर आला तर पुन्हा लिहा. टॅपेटचं क्लिअरन्सही, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातला बारीक गॅप, बघून घ्या. गॅसवर व्हॉल्व्हची सीट झिजते आणि गॅप कमी होत जातो. घट्ट टॅपेट आवाज करत नाही, गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो.

धायरीचा व्हॅनवाला

फिटरदादा, उशिरा लिहितोय, माफ करा. दुसऱ्या गॅरेजात नवा फिल्टर आणि सीलबंद 5डब्ल्यू-30, एपीआय एसएन टाकलं. समोर उभा राहून जुनं ऑइल नीट निथळू दिलं. ते त्यांच्याच पिंपात जमा केलं, गटारात नाही. खडखड दुसऱ्याच सकाळी गेली, दिवाही पटकन विझतो. टॅपेट तपासले, दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे घट्ट निघाले. आवाज येत नव्हता म्हणून तिकडे कधीच लक्ष गेलं नसतं.

आज 1,040 किलोमीटर झाले. पट्टीवर वरच्या खुणेपासून जेमतेम पाव उतरलंय, धूर नाही. यावरच चालू ठेवू ना?

खान्देशी फिटर

चालू ठेवा. एवढं खाणं या वयाच्या गाडीला काहीच नाही. दर रविवारी पट्टी बघा, कमी वाटलं तर त्याच ग्रेडचं वर टाका.

धायरीचा व्हॅनवाला

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. रंगाचं वाचल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मग काठी टेकत खाली आले आणि मागच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने स्वतःच लिहिलं: पुढचं ऑइल 1,43,200.