रॉ फाइल उघडल्यावर फोटो फिका का पडतो? सुरुवात कशी करावी?

धरमपेठकर

नमस्कार. आजवर मी केवळ मोबाईलवर फोटो काढत होतो. गेल्या महिन्यात एका परिचितांकडून निकॉनचा २४ मेगापिक्सेलचा वापरलेला कॅमेरा घेतला आणि त्यांच्याच सांगण्यावरून प्रत्येक फोटोची रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) व जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) अशी दोन्ही रूपे साठवू लागलो. परवाच्या रविवारी इथे नागपुरात दुपारी दीक्षाभूमीवर आणि संध्याकाळी फुटाळा तलावावर मिळून दीडशे फोटो काढले. घरी येऊन डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल पाहू लागलो तेव्हा एक चमत्कारिक प्रकार दिसला. यादीतल्या छोट्या चित्रात फुटाळ्याचे आकाश केशरी-जांभळे होते. पण फाइल उघडताच माझ्या डोळ्यांदेखत ते उतरले आणि राखाडी, मलूल झाले. त्याच क्षणाची जेपेग मात्र तरतरीत आहे.

स्लायडर सरकवण्यात दोन रात्री गेल्या, तरी माझी आवृत्ती कॅमेऱ्याच्या जेपेगच्या जवळपासही पोहोचत नाही. शिवाय प्रत्येक रॉ फाइल सुमारे २५ एमबीची आहे. माझे कुठे चुकते आहे, आणि नवशिक्याने एवढा खटाटोप करावा का?

डार्करूम

तुमचे काही चुकलेले नाही. यादीत दिसलेले रंगीत चित्र म्हणजे कॅमेऱ्याने रॉ फाइलच्या पोटात ठेवलेली छोटी जेपेग होती. फाइल उघडल्यावर सॉफ्टवेअरने ती बाजूला सारली आणि सेन्सरने नोंदवलेल्या आकड्यांपासून चित्र नव्याने बांधले.

हे आकडे मुळात रंगीत नसतातच. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काच असते, आणि चारातल्या दोन काचा हिरव्या असतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावे १९७६ साली पेटंट झालेली ही मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरावे लागतात, आणि त्यानंतर व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेला रंगांचा तोल), कॉन्ट्रास्ट, रंगांचा गडदपणा, धार यांविषयी कोणीतरी निर्णय घ्यावा लागतो. मी सीताबर्डीवरच्या एका लॅबमध्ये प्रिंटिंगच्या यंत्रावर बसत असे, तेव्हा लोकांच्या लग्नातला शालू किती हिरवा दिसावा हे त्यांनी नव्हे, मी ठरवत असे आणि त्यावरून बोलणीही खात असे. जेपेगमध्ये त्या खुर्चीवर कॅमेऱ्यातला प्रोसेसर बसलेला असतो. रॉमध्ये ती खुर्ची तुमच्यासाठी रिकामी ठेवलेली असते.

म्हणून माझा आग्रह असा की, पहिले काही आठवडे डार्कटेबल बाजूला ठेवा आणि निकॉनचेच मोफत मिळणारे एनएक्स स्टुडिओ वापरा. ते कॅमेऱ्यातली पिक्चर कंट्रोलची, म्हणजे रंग आणि कॉन्ट्रास्टच्या तयार शैलीची, सेटिंग वाचते, त्यामुळे फाइल उघडताच जवळजवळ जेपेगसारखीच दिसते, आणि तिथून पुढे काय बदलायचे एवढाच विचार उरतो. डार्कटेबल उत्तम आहे, पण ते सुरुवातीलाच फार विचारते.

आता खरा मुद्दा. व्हाइट बॅलन्स घरी आल्यावर निवांत बदलता येतो, कारण रॉ फाइलमध्ये तो केवळ एक टिपण म्हणून लिहिलेला असतो. एक्स्पोजरचे, म्हणजे सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा याचे, तसे नाही. १४ बिटच्या फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६. मात्र सेन्सर उजेड सरळ प्रमाणात मोजत असल्यामुळे त्यातल्या निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या, सर्वांत उजळ अशा एकाच स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणे) खर्च होतात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, आणि असे निम्मे निम्मे होत सावल्यांच्या वाट्याला मूठभर उरतात. फोटो गरजेपेक्षा काळा काढून घरी उजळला की सावल्यांत दाणे दिसतात ते मुख्यतः तिथे प्रकाशच कमी पोहोचल्यामुळे. उलट, दुपारच्या उन्हात दीक्षाभूमीचा पांढरा घुमट एकदा सेन्सरच्या मर्यादेपलीकडे गेला की तिथे नोंदच उरत नाही. कोणताही स्लायडर ती परत आणणार नाही. तेव्हा पांढरे जळणार नाही इतपतच, पण तेवढे भरपूर उजळ एक्स्पोजर द्यावे.

तर्रीपोहे

डार्करूम यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड दाखवणारा आलेख, रॉ फाइलचा नसतो, त्या पोटातल्या जेपेगचा असतो, आणि म्हणून तो बऱ्याचदा उगाच घाबरवतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत मिरवणुकीतल्या पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याचे फोटो काढताना मला याचा धडा मिळाला. भर दुपारी, गर्दीच्या रेट्यात, पुतळ्याचा पिवळा रंग जेपेगमध्ये सपाट पत्र्यासारखा आला होता. लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला टेकला होता आणि कपड्याची एकही चुणी दिसत नव्हती. मी फोटो गेले असे समजून चाललो होतो. रॉ फाइल उघडून रंगाचा गडदपणा आणि एक्स्पोजर थोडे उतरवले, तर चुण्या, शिवण, एका बाजूला सरकलेली माळ, सगळे जागेवर होते. कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्ससाठी लाल रंगाला गुणून वर चढवले होते आणि त्यावर पुन्हा भडकपणा चढवला होता. सेन्सर मात्र भरलेला नव्हता. तेव्हापासून पिक्चर कंट्रोल फ्लॅट या कमी भडक शैलीवर ठेवतो. पडद्यावर फोटो रडका दिसतो, पण हिस्टोग्राम खऱ्याच्या जवळ येतो. पिवळे, केशरी आणि लाल यांच्या बाबतीत तिन्ही रंगांचे वेगळे आलेख पाहण्याची सवय लावून घ्या. आपल्याकडे संत्र्यांच्या ढिगाऱ्यापासून झेंडूपर्यंत हेच रंग अधिक.

एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. सगळेच रॉमध्ये काढण्याची गरज नाही. मी एका दैनिकासाठी फोटो काढतो आणि तिथे दहा मिनिटांत फोटो पोहोचला नाही तर त्याचा उपयोग नसतो. रॉयटर्सने तर २०१५ साली आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, मुळात जेपेगमध्येच काढलेले पाठवा, असे कळवले होते. घरच्या वाढदिवसाला जेपेग पुरते.

बफरझोन

माझे नाव जंगलावरून आहे, पण ते कॅमेऱ्याच्या बफरवरूनही (फोटो कार्डावर जाण्यापूर्वी थांबतात ती तात्पुरती जागा) शोभेल. उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात वाघीण पाणवठ्यावरून वळली तेव्हा मी रॉ अधिक जेपेग अशा दुहेरी नोंदीवर बोट दाबून ठेवले होते. काही क्षणांत बफर भरला, कॅमेरा अडखळला, आणि तिने जिप्सीकडे पाहिले तेव्हा माझ्याकडे फक्त लुकलुकणारा हिरवा दिवा होता. सलग फोटो काढायचे असतील तेव्हा एकट्या रॉवर या आणि वेगवान कार्ड घ्या.

जागेबद्दल: दीडशे रॉ फाइलींचेच सुमारे पावणेचार जीबी होतात. हार्ड डिस्क घेऊन हा प्रश्न सुटत नाही, त्याच रात्री निवड करून सुटतो. ठेवाल त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि डार्कटेबल वापरलेत तर रॉ फाइलशेजारी तयार होणाऱ्या एक्सएमपी फाइलही सोबत न्या. तुमचे सगळे बदल त्या चिमुकल्या फाइलमध्ये असतात; मूळ रॉला सॉफ्टवेअर हात लावत नाही. कचरा समजून मी त्या एकदा पुसल्या होत्या.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. काल एनएक्स स्टुडिओ टाकले. फुटाळ्याचे आकाश आपसूक परत आले; व्हाइट बॅलन्स किंचित थंड केल्यावर पाण्यातला जांभळा रंग जेपेगपेक्षाही मला पटला. दीक्षाभूमीच्या घुमटाचे मात्र डार्करूम यांनी सांगितले तसेच झाले आहे. एक्स्पोजर खाली ओढले की डावीकडची गोलाई दिसू लागते, पण उन्हाकडची बाजू पांढऱ्याची फक्त राखाडी होते, तिच्यात एक रेषही उमटत नाही. त्या बाजूसाठी येत्या रविवारी सकाळी सातलाच पुन्हा जाणार आहे. त्यापूर्वी एक विचारतो: फ्लॅट ठेवल्यावर सोबतची जेपेगही रडकीच साठते का?

तर्रीपोहे

हो, तीही तशीच साठते. म्हणून मी त्या वेळी जेपेग बंदच ठेवतो.